बायको गेली, चार महिने झाले

एका सोमवारी सकाळी मास्तरांची मान डावीकडे वळली आणि परत सरळ व्हायचं नाव घेईना. समोर गिऱ्हाईक कोटाच्या बाह्या आखूड झाल्याची तक्रार करत उभं होतं, आणि मास्तर त्याची समजूत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत काढत होते. हा माणूस आपल्याला जुमानत नाही असं वाटून गिऱ्हाईक फणफणत निघालं. त्याला थांबवायला मास्तर उठले ते दाराच्या चौकटीवर आपटले, कारण दार उजवीकडे होतं.

मास्तर म्हणजे शिवणकाम करणारे मास्तर. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, आणि दुकानात समोरासमोर दोन खुर्च्या. मशीनपुढची त्यांची, दुसरी बायकोची. एकतीस वर्षं ते कापायचे आणि शिवायचे, ती काज, बटणं आणि हातशिलाई करायची. चार महिन्यांपूर्वी मुलीला जुळी झाली आणि बायको तिकडे, दीड दिवसाच्या प्रवासावर, मुलीच्या घरी गेली. तेव्हापासून समोरच्या खुर्चीवर तयार कपड्यांचा ढीग असे आणि बटणं मास्तर स्वतःच लावत. मान त्यातच धरली, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. बटणांना माणूस ठेवा म्हणाले. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं मास्तरांना बघवलं नसतं, पण डॉक्टरांना ते एवढंच म्हणाले की हल्ली माणसं मिळत नाहीत.

दर रविवारी दहाला बायकोचा फोन येई. मास्तर विचारत, बाळं बरी आहेत ना. ती म्हणे, बरी आहेत. ती विचारी, टाकी वेळेवर भरता ना. ते म्हणत, भरतो. मग दोघंही फोन कानाला लावून थोडा वेळ गप्प राहत, आणि 'ठेवू?' 'ठेव' होऊन फोन बंद होई. ते गप्प राहणं मास्तरांना फार आवडे. पण ते काही फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

मानेचं कळल्यावर मुलीनं तिकडूनच दहा दिवसांचं आयुर्वेदिक शिबिर ठरवून टाकलं. डोंगराच्या उतारावर जागा, तेल, वाफ, पथ्य, आणि शरीराबरोबर मनाचीही शुद्धी. मास्तर म्हणाले, मनाचं राहू दे, मानेचं तेवढं करायला सांग.

शिबिराच्या नोंदणीच्या टेबलावर चष्मेवाली एक मुलगी होती. तिनं आधी फोन मागितला. दहा दिवस फोन कपाटात बंद राहणार, असा नियम होता. मग तिनं एक लांबलचक फॉर्म पुढं ओढला. वय, वजन, झोप, भूक इथपर्यंत ठीक चाललं.

"घरी कोण कोण असतं?"

"मी एकटाच. बायको गेली."

मुलीचं पेन थांबलं. "कधी?"

"चार महिने झाले."

"अचानक?"

मास्तरांनी आठवून बघितलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला आणि सकाळची गाडी होती. "अचानकच म्हणायचं. संध्याकाळी चांगली काज करत बसली होती. सकाळी नाही."

"तुम्ही जवळ होतात?"

"होतो ना. मीच पोचवून आलो. गर्दी फार होती, पण जागा चांगली मिळाली तिला."

"ते महत्त्वाचं," मुलगी हळूच म्हणाली आणि तिनं फाइलवर एक लाल पट्टी चिकटवली. मास्तरांची मान डावीकडे असल्यामुळे त्यांना ती दिसली नाही.

त्या पट्टीनं पुढचं सगळं केलं. वैद्यबाई पन्नाशीच्या होत्या, आवाज लोण्यासारखा. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, फाइल वाचली आणि खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या की तुमच्या मानेत जे अडकलंय ते मानेचं नाही. मास्तरांनी विचारलं, मग कुणाचं. वैद्यबाई नुसत्या हसल्या. तुम्ही रडलात का एकदा तरी, असं त्यांनी विचारलं. मास्तरांना तो सोमवार आठवला. ते म्हणाले, रडू आलं होतं, पण समोर गिऱ्हाईक होतं. वैद्यबाईंनी हे शब्दन् शब्द लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाटीभर कोमट तूप समोर आलं. ते प्यायचं होतं, कशावर घालायचं नव्हतं. मग तेल, मग वाफेची पेटी. पेटीतून फक्त डोकं बाहेर, तेही डावीकडे वळलेलं. दुपारी पातळ पेज, आणि चार वाजता सगळ्यांनी सतरंजीवर गोल बसून मनातलं बोलायचं. मास्तरांच्या एका बाजूला निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे हेडबाई म्हणत. गुडघ्यांसाठी आल्या होत्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. दुसऱ्या बाजूला एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर होता, पाठीसाठी आलेला, ज्याला कोणाचंही दुःख ऐकून सगळ्यांच्या आधी रडू येई.

मास्तरांची पाळी आली तेव्हा वैद्यबाई म्हणाल्या, "त्यांच्याबद्दल सांगा. तुमच्या मिसेसबद्दल. कशा होत्या?"

मास्तर गांगरले. एकतीस वर्षांत त्यांना गिऱ्हाइकांनी बाह्यांबद्दल विचारलं होतं, खिशांबद्दल विचारलं होतं, कपडे कधी देणार हे तर रोज विचारलं होतं. बायको कशी आहे, हे कोणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, काज चांगली करायची. एवढ्यावर थांबणार होते, पण सगळे बघत होते, आणि डावीकडे वळलेल्या मानेमुळे त्यांना एकट्या हेडबाईच दिसत होत्या, त्याही पदर डोळ्यांना लावण्याच्या बेतात. मग त्यांनी सांगितलं की ती दोरा दातानं तोडायची. कात्री हाताशी असायची, तरी दातानंच. मी रोज ओरडायचो, दात झिजतील म्हणायचो. ती हो म्हणायची आणि पुढचा दोरा दातानंच तोडायची. तो कट असा आवाज दिवसातून शंभरदा व्हायचा. आता होत नाही. आता मी मशीन थांबवतो तेव्हा दुकानात काहीच वाजत नाही.

ड्रायव्हर हुंदके द्यायला लागला. मास्तरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, पाठ फारच दुखतेय बिचाऱ्याची.

त्या रात्री आपण एवढं कसं बोललो याचं त्यांना नवल वाटत राहिलं. आणि उद्या चार कधी वाजतायत असंही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाचं सांगितलं. दुपारी तीनला ती बघतसुद्धा नसे, नुसता ग्लास कापायच्या टेबलावरून सरकवी, आणि मीही न बघता हात पुढं करी. गेल्या चार महिन्यांत दोनदा मी तसाच हात पुढं केला आणि हाताला कापडाचा गठ्ठा लागला. तिसऱ्या दिवशी सांगितलं की ती एकच ओळ गुणगुणायची, तिची पुढची ओळ तिला येत नव्हती. पुढं काय आहे, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मास्तर सगळं 'करायची, म्हणायची' असंच बोलत होते, कारण चार महिने ती काहीच करत नव्हती, निदान त्यांच्यासमोर.

मधला रविवार आला. दहाला मास्तर नोंदणीच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. काही हवंय का, असं मुलीनं विचारलं. मास्तर म्हणाले, काही नाही, दहा वाजले म्हणून. रविवारी दहाला ती, एवढं बोलून ते थांबले, कारण गप्प बसण्यासाठी येणाऱ्या फोनबद्दल परक्या मुलीला काय सांगणार. मुलीनं त्यांना खुर्ची दिली आणि फाइलमध्ये लिहिलं, वेळ सकाळी दहा, रविवार.

मग पोट साफ करायचा दिवस उजाडला. सकाळी सगळ्यांना एक कडू काढा दिला गेला आणि त्या दिवशी कोणी संडासापासून वीस पावलांपलीकडे जाऊ नये अशी सूचना झाली. तरी चारची बैठक चुकवायची मास्तरांची तयारी नव्हती. ते येऊन बसले, बायकोच्या हाताच्या घट्ट टाक्यांबद्दल दोन वाक्यं बोलले, तिसऱ्या वाक्याला त्यांचा चेहरा पिळवटला आणि ते उठून धावत बाहेर गेले. परत आले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा धावले. तिसऱ्या वेळी हेडबाई म्हणाल्या, "नका हो त्यांना बोलायला लावू. सहन होत नाहीये."

"होत नाहीये खरं," मास्तर दारातून म्हणाले आणि दिसेनासे झाले.

खरा घोळ झाला तो त्यानंतर, संडासामागच्या बागेत फिरताना. हेडबाई मायेनं म्हणाल्या की त्या जिथं असतील तिथं सुखात असतील. मास्तर म्हणाले, सुखातच आहे, नातवंडं आहेत ना जवळ. हेडबाई थबकल्या. त्यांनी विचारलं, नातवंडंसुद्धा? मास्तर म्हणाले, हो, दोन, जुळी, त्यांच्यापायीच तर गेली ती. आणि मुलगी? मुलगी, जावई, सगळे तिकडंच. मागून येणाऱ्या ड्रायव्हरनं कापऱ्या आवाजात विचारलं की गाडीनं गेले का. मास्तर म्हणाले, गाडीनंच, दुसरं काय आहे तिकडं जायला. ड्रायव्हरनं त्यांना उचलून छातीशी धरलं. तीस वर्षं गाडी चालवतो मी, तो रडत म्हणाला, गाडीच्या वतीनं मला माफ करा. त्या मिठीत मास्तरांच्या मानेतून काडकन आवाज आला आणि मान सरळ झाली. मास्तरांच्याही डोळ्यांत पाणी आलं. उपचाराची पद्धत जरा दांडगी आहे, असं त्यांना वाटलं, पण गुण होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बैठकीला आले तर सतरंजीच्या मधोमध पाच मेणबत्त्या पेटवलेल्या. सगळे उभे. वैद्यबाई म्हणाल्या, आपण दोन मिनिटं शांत राहू या, मास्तरांच्या पत्नी, कन्या, जावई आणि दोन चिमण्या जिवांसाठी. मास्तर शांत राहिले. मापं घेणारा माणूस, मोजण्याची सवय. एक, दोन, तीन, चार, पाच, असं त्यांनी मोजलं, आणि पाचाला त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तोंड उघडायचं तर तेव्हाच उघडायला हवं होतं, हे मास्तरांनाही कळत होतं. पण ड्रायव्हर हमसून रडत होता, हेडबाईंनी त्यांचा हात धरला होता, आणि शांततेचं अजून दीड मिनिट बाकी होतं. भर शांततेत 'ती जिवंत आहे' असं कसं म्हणायचं? ते मनात म्हणाले, उद्या सांगू. उद्या वैद्यबाईंनी विचारलं की त्या हसायच्या कशा, आणि मास्तर बोलत बसले. ती आधी डोळ्यांनी हसायची, तोंडाला ते फार उशिरा कळायचं. परवाही तसंच झालं. खरं सांगितलं असतं तर बैठकीत बोलायला काय उरलं असतं? ज्याची बायको मुलीकडे गेलीय त्याला ती कशी आहे असं कोण विचारतं?

नवव्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम होता. समोर पाण्याचं घंगाळं, त्यात एक फूल सोडायचं आणि गेलेल्या माणसाला उद्देशून तीनदा म्हणायचं, मी तुला मोकळं केलं. हेडबाईंनी म्हटलं, त्यांचा आवाज मुळीच हलला नाही. मग फूल मास्तरांच्या हातात आलं.

मास्तर घंगाळ्याकडे बघत राहिले. वैद्यबाई म्हणाल्या, म्हणा, जड जाईल, पण म्हणा.

"नाही म्हणणार," मास्तर म्हणाले. "मला नाही मोकळं करायचं तिला. ती परत यायला हवीय."

मास्तरांनी फूल खाली ठेवलं, घसा साफ केला आणि सगळं सांगून टाकलं. ती गेली म्हणजे मुलीकडे गेली. गाडीला काही झालं नाही. मेणबत्त्यांबद्दल आभारी आहे.

मास्तरांना वाटलं होतं, लोक रागावतील. रागावलं कोणीच नाही. सगळे फारच मायेनं बघायला लागले. वैद्यबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की असं होतं, शेवटच्या दिवसांत मन मागं पळतं. मास्तर म्हणाले, मन नाही, खरंच आहे ती. वैद्यबाई म्हणाल्या, आहेच, आपल्या आठवणीत. मास्तर म्हणाले, आठवणीत नाही, तळमजल्यावर राहतात ते. ड्रायव्हर उठून बाहेरच गेला.

शेवटी फोन करायचं ठरलं. चष्मेवाल्या मुलीनं कपाट उघडून मास्तरांचा फोन दिला. सगळे टेबलाभोवती जमले. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही. मास्तरांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला, मग लेकीला लावला तर तो बंद. दुपारची वेळ, बाळं झोपली असणार, ती झोपली की बायको फोन उशीखाली कोंबते, हे मास्तरांनी समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. अकराव्या वेळी हेडबाईंनी त्यांच्या हातून फोन हळूच काढून घेतला. वैद्यबाईंनी नोंदणीच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की यांचा मुक्काम आठवडाभर वाढवा.

मास्तर खुर्चीत बसून राहिले. आणि फोनच्या कपाटाच्या बंद दाराकडे बघता बघता त्यांच्या मनात भलतंच आलं. इतके लोक इतक्या खात्रीनं सांगतायत, तर. ते ताडकन उठले आणि पुन्हा बसले. पेज आली, ती त्यांनी घेतली नाही.

चारला टेबलावरचा शिबिराचा फोन वाजला. मुलीनं उचलला, कोण बोलतंय विचारलं, आणि ऐकून ती हळूहळू खुर्चीत बसली. "मास्तरांच्या मिसेस," तिनं फोनवर हात ठेवून सांगितलं. "अकरा मिस कॉल का आलेत, विचारतायत."

मास्तर उठायच्या आत हेडबाईंनी फोन घेतला. पस्तीस वर्षं खोट्या रजाचिठ्ठ्या पकडलेल्या बाई, अशी तशी खात्री पटणार नव्हती. त्यांनी विचारलं, "दोरा कशानं तोडता तुम्ही?"

पलीकडून काही उत्तर आलं. हेडबाई मागं वळून म्हणाल्या, "ह्याच आहेत."

आणि मग त्यांनी मास्तरांच्या बायकोला फैलावर घेतलं. तुम्ही धडधाकट आहात आणि चार महिने तिकडं बसलात, इकडं या माणसाची काय दशा झाली आहे कल्पना आहे का, असं म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. दोरा, चहाचा ग्लास, अर्धी ओळ, घट्ट टाके, डोळ्यांनी हसणं. काही राहिलं तर ड्रायव्हर मागून आठवण करून देत होता. मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि त्यांचा प्रत्येक शब्द परक्या बाईच्या तोंडून बायकोच्या कानात जाताना ऐकत होते. दुसऱ्याच्या अंगावर आपले कपडे बघावेत तसं त्यांना झालं. हेडबाईंना थांबवायला त्यांनी हात वर केला, आणि मग का कोण जाणे, तो खाली घेतला.

शेवटी फोन त्यांच्या हातात आला. पलीकडे शांतता होती. रविवारची ती शांतता नव्हती ही.

"हे सगळं तुम्ही बोललात?" बायकोनं विचारलं.

"विचारलं त्यांनी."

ती म्हणाली, "मी परवाच हिला हो म्हणाले. वर्षभर राहते म्हणून. तुम्ही एकदाही ये म्हणाला नाहीत. मला वाटलं, बरं चाललंय तुमचं."

मास्तरांच्या भोवती सात माणसं उभी होती आणि त्यांतली पाच रडण्याच्या तयारीत होती. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"ये," ते म्हणाले.

"काय?"

"ये म्हटलं."

"बरं," ती म्हणाली.

महिन्याभरात मुलीनं बाळांसाठी एक बाई शोधली आणि मास्तर बायकोला आणायला स्टेशनवर गेले. खुर्चीवरचा ढीग त्यांनी आदल्या दिवशीच हलवला होता. शिबिराबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही. तिनं दोरा ओवला, तोडला, मास्तर ओरडले नाहीत, आणि ते ओरडले नाहीत म्हणून ती त्यांच्याकडे संशयानं बघत राहिली. आठ-दहा दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी बटण लावता लावता ती म्हणाली की पुढच्या सोमवारी मी त्या शिबिराला जातेय, सात दिवस, नाव नोंदवून झालंय.

"कशाला?" मास्तर म्हणाले. "तुला काय झालंय?"

"काही नाही. मलाही थोडं बोलायचंय."

ती गेली. मास्तर दुकानात बसले. पहिल्या दिवशी त्यांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या उसवल्या आणि दोन्ही उजव्या लावल्या. एकतीस वर्षांत आपण काय काय केलं असेल याची मनातल्या मनात ते यादी करत होते, आणि चांगलं त्यात पटकन काही सापडत नव्हतं. तिसऱ्या दिवशी चार वाजून गेले, पाच वाजले, तेव्हा त्यांना राहवेना. त्यांनी शिबिराचा नंबर लावला. चष्मेवाल्या मुलीनं आवाज लगेच ओळखला. मानेचं विचारलं. मास्तर म्हणाले, मान उत्तम आहे. मग इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं की ती बैठकीत काय बोलते.

मुलगी म्हणाली, ते बाहेर सांगता येत नाही, नियम आहे.

"सांगू नका," मास्तर म्हणाले. "पण लोक काय करतात? ऐकताना?"

मुलीनं थोडा विचार केला. "काल खूप हसले सगळे. वैद्यबाईंना तर ठसका लागला."

"हसले?"

"हो. आणि मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही."

मास्तरांनी आभार मानून फोन ठेवला. अर्धवट शर्ट त्यांनी पुन्हा मशीनखाली सरकवला, पायडलवर पाय ठेवला, पण मशीन चालवलं नाही. सात दिवसांतले चार अजून बाकी होते.